माती टाकायची राहिली

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज संचालकांनी खड्ड्यात स्वतःची खुर्ची ठेवली. खड्डा पडद्यावरचा आणि खुर्चीही शब्दांतलीच, पण माणूस ओळखायला तेवढे पुरते.

पुढे कधी हे पान उघडले तर मलाच संदर्भ लागणार नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. संग्रहालयातले दफनांचे दालन दुरुस्तीनंतर सात मार्चला पुन्हा उघडायचे आहे. मी निवृत्त झाले तरी या दालनाचे काम दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून मला परत बोलावले. मधल्या काचपेटीतला सांगाडा ओलीने इतका भुसभुशीत झाला आहे की तो आता मांडता येणार नाही. तळघरात खोक्यात ठेवला आहे. रिकाम्या पेटीचे काय करायचे यावर माझ्या भाचीने तोडगा काढला. ती पोटासाठी खेळ तयार करते, तेही चित्रांशिवायचे. पडद्यावर फक्त मजकूर येतो: तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे. तुम्ही ‘खण’, ‘ठेव’, ‘बघ’ असे काही लिहायचे, की पुढे काय झाले ते पडदा सांगतो.

आमच्या खेळात तुम्ही एका फार जुन्या वस्तीत आहात आणि तुमच्या घरातले कुणीतरी गेले आहे. खड्डा खणायचा, सोबत काय द्यायचे आणि का ते सांगायचे, देह ठेवायचा, माती टाकायची. माती पडली की पुढचा खेळाडू उत्खनन करणारा होऊन तोच खड्डा उकरतो आणि उरल्यासुरल्यावरून माणूस ओळखू पाहतो. वस्तू त्या काळच्याच असाव्यात असा माझा आग्रह होता. भाची म्हणाली, लोक आपल्याकडे असेल तेच देतात, मग काळ कुठलाही असो. हे मला मान्य करावे लागले.

मजकूर सगळा माझा, नियमही माझे. वस्तीत एका वेळी एकच खड्डा. तो बुजल्याशिवाय दुसरा खणता येणार नाही. कोण पुरते आहे ते कुणाला कळणार नाही, कारण आम्हालाही कधी कळत नाही. इतरांनी काठावर उभे राहून पाहावे, बोलू नये. ठेवलेले परत काढता येणार नाही.

भाची म्हणाली, "मावशी, हा खेळ आहे, शाळा नाही."

मी म्हटले, शाळेत पुन्हा परीक्षेला बसता येते.

खेळून पाहायला सध्या आम्ही तिघे आहोत. एखादा सामान्य माणूसही हवा म्हणून घरी यांच्या टॅबवर खेळ घालून दिला. हे म्हणाले, "पाहतो." आमच्या घरात त्याचा अर्थ नाही असा होतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तपासणीचा निकाल आला. डाव्या काखेतली गाठ साधी नाही. डॉक्टर भाचीच्या वयाची आहे, पण बोलते स्वच्छ. म्हणाली, शस्त्रक्रिया लवकर करायची, थांबण्यात फायदा काहीच नाही, तोटा होऊ शकतो. मी सात मार्चनंतरची तारीख मागितली. तिने यांच्याकडे पाहिले. हे भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता वाचत होते.

घरी येताना यांनी गाडी इतकी सावकाश चालवली की मागचे लोक भोंगे वाजवू लागले. मी सांगून टाकले की उद्घाटन होईपर्यंत हा विषय घरात नको आणि भाचीच्या कानावर तर मुळीच नको, ती काम सोडून रडत बसेल. हे मान हलवून बरे म्हणाले. सांगितलेले ऐकतात, हा यांचा मोठा गुण आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वस्तीत नवा खड्डा आहे. सकाळी दालनात रंगाऱ्यांच्या शिड्यांमधून वाट काढत पडद्यापाशी गेले, ‘बघ’ लिहिले, आणि काठावर उभी राहिले. संचालकांच्या खड्ड्यासारखा हा वेडावाकडा नाही. कडा ओळंब्यात, कोपरे काटकोनात, तळ समपातळीत. लांबी बोटाबोटाने मोजून लिहिली आहे. माझ्या उंचीची बाई पाय सरळ करून आरामात मावेल.

शिकलेला हात आहे. संचालकांना पट्टी धरून सरळ रेघ येत नाही, तेव्हा ही भाची. माझे उत्खननावरचे पुस्तक तिने मन लावून वाचलेले दिसते. तिच्यासमोर कौतुक केले नाही. लगेच पगार वाढवून मागेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खड्ड्यात पहिली वस्तू आली. चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. कारण: याच्याशिवाय चिडते.

माझ्या चष्म्याची काडी गेल्या आठवड्यात मोडली. दुकानात जायला सवड नाही म्हणून मी दोरा गुंडाळला आहे.

भाचीला बोलावून विचारले की मावशीला जिवंतपणी पुरायची एवढी घाई का. ती हसली, मग पडदा वाचला आणि हसायची थांबली. म्हणाली, "मी नाही गं, मावशी. मी अजून माझा खड्डा खणलेलाच नाही, हा आधीच होता." तोंडावर खोटे बोलायची तिची सवय नाही. तिच्या आईची होती.

मग संचालकच. त्यांच्या खोलीत जाऊन सरळ विचारले. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "मॅडम, तुम्ही चिडता हे सांगायला मला खड्डा कशाला लागेल?" यातही तथ्य आहे.

खेळाचा पत्ता बाहेर कुणाला तरी लागला असावा. भाची म्हणते, शक्य आहे. माझा चष्मा त्या बाहेरच्याने कधी पाहिला, हे तिला विचारले नाही. उत्तर नसेल तेव्हा ती फार बोलते.

रविवार, १६ फेब्रुवारी

सुट्टी असूनही सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून खेळ उघडला. काठावर उभी राहिले. खड्ड्यात आता लोकरी पायमोज्यांचा जोड आहे. कारण: पाय गार पडतात. शिवाय हातावर लावायचे मलम. कारण: खोके उचलते आणि मग कुणाला सांगत नाही.

तेवढ्यात पडद्यावर ओळ आली: *खाली कुणीतरी आहे. तुमच्याकडे पाठ करून बसले आहे.*

ही ओळ मीच लिहिली आहे. पुरणारा आणि पाहणारा एकाच वेळी खेळात असले की ती आपोआप येते, यात काही विशेष नाही. तरी ‘विचार’ लिहिले. पडद्याने माझ्याच शब्दांत सांगितले की काठावरच्यांनी बोलायचे नसते. ‘खाली उतर’ लिहिले. पडदा म्हणाला, तो खड्डा तुमचा नाही.

मी नुसती पाहत राहिले. खाली बसलेल्याने काही केले नाही. घरात शांतता होती. फक्त आतल्या खोलीतून यांच्या टॅबवरची टकटक येत होती, तीही थांबली. यांचा पत्त्यांचा डाव संपला असावा. मी हाक मारून चहा हवा का विचारले. बऱ्याच वेळाने "नको" असे उत्तर आले, सर्दी झाल्यासारखे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

खणायची छोटी थापी, डाव्या बाजूने झिजलेली. अंगठी, कारण: बोटातून निघत नाही, म्हणून वेगळी लिहिली नाही तरी चालेल. रेडिओ; कारण: बातम्या संपेपर्यंत कुणाशी बोलत नाही. झाकण घट्ट बसलेली बरणी; कारण: उघडायला मला हाक मारावी लागेल.

अनोळखी माणसाचे दफन वाचावे तसे मी हे वाचायचे ठरवले. माझा संबंध बाजूला ठेवला. प्रौढ स्त्री, डावखुरी, काम बसून आणि बारकाईचे. वस्तू मौल्यवान नाहीत, सगळ्या वापरातल्या. म्हणजे मानासाठी दिलेल्या नाहीत, सोयीसाठी दिलेल्या आहेत. पुरणारा तिच्याबरोबर राहत होता आणि तिला थोडा घाबरत होता.

बरणीचे कारण मात्र कुठल्याच प्रकारात बसत नाही. पुरलेल्या बाईने हाक मारावी अशी सोय कुणी करून ठेवत नाही. भाचीने ती ओळ वाचली आणि त्या दालनात एकटी थांबणार नाही म्हणाली. रंगारीही आता जेवायला बाहेर जातात. रिकाम्या काचपेटीशेजारी तो पडदा नुसता उजळत असतो.

बाही काखेत घट्ट होऊ लागली आहे. खोक्यांमुळे दंड सुजला असेल.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सगळे काम अडले आहे. शनिवारी खड्ड्यात देह ठेवला गेला, पण माती पडलेली नाही. एक खड्डा उघडा असताना दुसरा खणता येत नाही, हा माझाच नियम. त्यामुळे संचालकांनी जमवलेली शाळेची पोरे आज खेळून पाहायला आली आणि सगळी काठावर उभी राहून परत गेली. एकाने ‘ढकल’ लिहून पाहिले म्हणे.

भाचीने आत शिरून तो खड्डा पुसून टाकू का विचारले. देह असलेला खड्डा पुसायचा नसतो, मी म्हटले. ती म्हणाली, "मावशी, तो देह म्हणजे सहा शब्द आहेत." सहा असोत की सहाशे. मी आयुष्यात एकही दफन अर्धवट सोडलेले नाही आणि एकही मोडलेले नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी देहाची नोंद वाचली. *उजव्या कुशीवर. डाव्या बाजूवर भार नको.*

आतापर्यंत मी कुशीवर ठेवलेले, बसवलेले, पालथे घातलेले, बांधलेले देह पाहिले आहेत. त्याची कारणे दिशेची असतात, भीतीची असतात, कधी फक्त जागा कमी पडल्याची. दुखेल म्हणून कूस बदललेली कधी पाहिली नाही. मेलेल्याला दुखत नाही. अशी काळजी तोच घेतो ज्याला ती मेली आहे हे पटलेले नाही. म्हणजे पुरणाऱ्याच्या लेखी त्याने जिवंत बाईला झोपवले आहे.

एवढे लिहिले आणि मग डाव्या बाजूचा विचार केला. ती तिघांना माहीत आहे. मला, डॉक्टरला आणि यांना. डॉक्टरकडे खेळ नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

रात्री झोप चांगली लागली. उगाच नाट्य करण्यात अर्थ नाही. यांना कंटाळा येत असेल, समोर दिसते ते लिहीत गेले असतील. आयुष्यभर जमिनी मोजत फिरलेल्या माणसाला खड्डा दिला तर तो मापातच खणणार. माती का टाकली नाही याचेही उत्तर साधे आहे. खेळ नवा, वय झालेले, काय लिहायचे ते सुचले नसेल. उद्घाटन दहा दिवसांवर आले आहे आणि एवढ्याशा गोष्टीसाठी सगळे खोळंबले. उद्या दुपारी घरी लवकर जाऊन शिकवते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हे खिडकीशी बसले होते. टॅब मांडीवर. मी खुर्ची ओढून शेजारी बसले तेव्हा यांनी तो लपवला नाही. माझी वाटच पाहत असावेत, किंवा लपवायचे त्राण नसावे.

मी म्हटले, "‘माती टाक’ एवढंच लिहायचं. दोन शब्द."

"कळतं मला."

"मग टाकत का नाही? तिकडे सगळं अडून बसलंय."

"अडू दे."

संसारात यांनी मला असे उत्तर दिल्याचे आठवत नाही. मी टॅब हातात घेतला. काठावरच्यांना वस्तू आणि देह तेवढे दिसतात. खड्ड्यात उतरलेला आणखी काय काय लिहितो ते फक्त त्याच्या पडद्यावर राहते. मी वर सरकवत गेले. शनिवारी देह ठेवल्यावर यांनी लिहिले होते, ‘उठव’. खाली उत्तर होते: *ते आता होत नाही.* मग ‘पाणी दे’. *ते आता होत नाही.* ‘हाक मार’. *ते आता होत नाही.* ‘पुन्हा हाक मार’. ‘भांड’. ‘शेजारी बस’. ‘हाक मार’. रविवारी तेच. सोमवारी, मी दालनात पोरांना ओरडत होते तेव्हाही तेच. पानेच्या पाने.

ते उत्तर माझे आहे. खेळाला न समजणारे काही कुणी लिहिले तर काय दाखवायचे, असे भाचीने फोनवर विचारले होते. मी दुसऱ्या फोनवर रंगाऱ्याशी बोलत होते. सुचले ते सांगितले.

मी विचारले, मला का नाही बोललात. हे म्हणाले, "तूच म्हणालीस, विषय नको. इथे काढला. इथे कोण आहे ते कळत नाही, असंही तूच म्हणालीस." मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुझं उद्घाटन होऊ दे. माती टाकायची वेळ येईलच. तेव्हा टाकीन. खरी."

मला जे सुचले ते असे, की तुम्ही पाय चुकीच्या दिशेला ठेवलेत.

"तू सांगितलं नाहीस कुठल्या दिशेला ठेवायचे," हे म्हणाले.

स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि डॉक्टरला फोन केला. सोमवार मिळाला. संचालकांना कळवले की उद्घाटनाला मी नसेन. का ते विचारायच्या आत फोन ठेवला. भाचीला सांगितले. अपेक्षेप्रमाणे रडली, पण काम सोडले नाही.

गुरुवार, ६ मार्च

उजव्या हाताने लिहिते आहे, अक्षराकडे पाहू नये.

शस्त्रक्रियेचे काही आठवत नाही, आणि आठवते ते पटत नाही. मी उजव्या कुशीवर होते. वर चौकोनी उजेड होता, कोपरे अगदी काटकोनात, आणि कडेने माणसे उभी राहून खाली पाहत होती. त्यांच्यातले कुणी बोलत नव्हते. मला राग आला नाही, कारण नियम माझाच होता. कुणीतरी लांबून हाक मारत होते. एकदा नव्हे, सारखी, मध्ये दम घ्यायला थांबून. मी ओ दिली की नाही ते आठवत नाही.

परिचारिका म्हणते, भूल उतरताना सगळेच असे काहीबाही पाहतात, दिव्याचा चौकोन असतो तो. असेल. यांना विचारले. हे म्हणाले, "दिलीस. आणि वर म्हणालीस, ओरडू नका."

रविवार, ९ मार्च

दालन शुक्रवारी उघडले. भाची येऊन सगळे सांगून गेली. खड्डा उघडाच होता. यांनी माती टाकली नाही आणि तिने पुसला नाही, त्यामुळे आलेल्यांना स्वतःचे काही पुरता आले नाही. ज्याने त्याने फक्त ‘बघ’ लिहायचे. संचालकांचा जीव टांगणीला लागला होता, की लोक हसतील, निघून जातील. लोक थांबले म्हणे. चष्मा वाचायचे, पायमोजे वाचायचे, बरणीपाशी पुन्हा वर जाऊन वाचायचे. एका बाईने तिथूनच घरी फोन लावला आणि काहीच न बोलता धरून राहिली. निघताना कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

ही पद्धत नव्हे. उत्खनन न करता नुसते पाहून माणसाला काही कळत नाही, असे मी भाचीला म्हटले. ती हो म्हणाली आणि माझी उशी नीट केली. ती वाद घालत नाही म्हणजे मी बरीच आजारी दिसत असणार.

शुक्रवार, १४ मार्च

घरी आले. डॉक्टरने निकाल समोर ठेवून समजावले. भीती होती तितके पसरलेले नाही. थोडे पसरले आहे. आधी आला असतात तर पुढचे उपचार कदाचित लागले नसते, आता लागतील, आणि मग पाहू. गोड करून सांगितले नाही याबद्दल मी तिचे आभार मानले. हे तिच्या समोरच्या खुर्चीत बसले होते आणि या वेळी तक्त्याकडे न पाहता सगळे ऐकत होते. दोन प्रश्नही विचारले, दोन्ही माझ्यापेक्षा बरे.

दुपारी संचालकांचा फोन आला. प्रकृतीची चौकशी झाली, मग मुद्द्यावर आले. दालनाला गर्दी चांगली आहे, पण काठावर किती दिवस उभे करायचे लोकांना. माती कधी टाकताय, मॅडम. मी म्हटले, खड्डा ज्यांचा आहे त्यांना विचारा, आणि फोन यांच्या हातात दिला.

यांनी ऐकून घेतले. म्हणाले, "अजून वेळ आहे." आणि समोरचा बोलत असताना फोन ठेवून दिला.

मग मला औषध दिले. गोळी मोठी होती, मी अर्धी करून मागितली. करून दिली नाही.